कानाच्या पाळीला हात

अक्का ज्या टेबलाला वरचेवर पाणी वाढायला जायच्या, त्या टेबलासमोर उभा असलेला नट संवाद विसरलेला असायचा. प्रेक्षकांना हे ठाऊक नव्हतं. ते मुकाट्यानं पेला पुढे करायचे. कुणी कुणी जाताना सांगायचं, जेवण झकास, नाटकही बरं, पण त्या बाई पाण्याचा आग्रह फार करतात. एका गृहस्थांनी एकाच अंकात सात पेले पाणी प्याल्याचं मला सांगितलं होतं. त्या नाटकाच्या नायकानं तालमीच्या चार संध्याकाळी चुकवल्या होत्या.

आमचं मंडळ शिवाजी पेठेतलं, हौशी. दिवाळी झाली की हंगाम सुरू व्हायचा आणि शिमग्याला संपायचा. चार नाटकं, त्यातलं शेवटचं संगीत. शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी प्रयोग आणि प्रयोगाबरोबर जेवण. कुस्तीच्या एका तालमीच्या मागचा जुना हॉल होता. एका टोकाला फूटभर उंचीचा चौथरा, त्याच्या तीन बाजूंना टेबलं. चौथऱ्यामागच्या भिंतीत एकच दार, ते थेट स्वयंपाकघरात उघडायचं. पहिलं टेबल त्या दाराजवळ, चौथऱ्याच्या कडेला. राजा त्याच दारातून यायचा आणि रस्साही त्याच दारातून. विंग नव्हती, पडदा नव्हता. त्यामुळे वही धरून नटांना शब्द सांगणाऱ्या माणसाला उभं राहायला जागाच नव्हती.

मी तेव्हाही एका दैनिकात नोकरीला होतो, आजही आहे. मंडळात माझ्याकडे दिव्यांची बटणं होती. ती स्वयंपाकघराच्या दारालगत होती. पुढचं बहुतेक सगळं मी त्या दारातून पाहिलेलं आहे.

पहिल्या हंगामात आमचे दिग्दर्शक माने सर वही घेऊन पहिल्या टेबलाखाली बसले. ते शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे प्रत्येक अडचणीला एक उत्तर असतं यावर त्यांचा विश्वास होता. प्रयोग सुरू झाला आणि टेबलावरच्या एका पाहुण्यानं मेजकापड उचलून खाली वाकून विचारलं, "काय पडलंय पावणं? हुडकू लागू काय?" हॉल हसला. त्याच वेळी चौथऱ्यावर बापू अडले होते.

बापू म्हणजे आमचे नायक. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर. उंची आणि आवाज दोन्ही भरपूर, पाठांतर जवळजवळ नाही. यंत्रांच्या आवाजात उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं. पण फौंड्रीतली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात, तसं बापूही ओळखायचे. त्यांची ती सवय अक्कांना माहीत होती, कारण बापू तरुणपणी अक्कांच्या खानावळीत जेवायला होते. पेठेतल्या एका बोळात दोन खोल्यांत ती खानावळ चालायची. शिरोलीला कामाला जाणारे पंचवीस-तीस जण एका वेळी बसायचे आणि गलका असा असायचा की शेजारच्याचं बोलणं कळू नये. अक्का मध्ये उभ्या राहून पलीकडच्या रांगेतल्या बापूंकडे बघायच्या आणि नुसते ओठ हलवायच्या, "भात?" बापू मान हलवायचे. भात यायचा.

त्या दिवशी अक्का फक्त वाढायला आल्या होत्या. त्यांनी पाण्याचा जग उचलला, पहिल्या टेबलापाशी गेल्या, एका पाहुण्याच्या भरलेल्या पेल्यात आणखी थोडं पाणी घातलं आणि मान वर करून बापूंकडे बघत ओठ हलवले. बापूंनी वाक्य उचललं. नाटक पुढे गेलं. माने सर टेबलाखालून बाहेर आले ते पुन्हा कधी आत गेले नाहीत.

तिथून पुढे पद्धत ठरली. अडलेल्या नटानं उजव्या कानाच्या पाळीला हात लावायचा. अक्का पाणी घेऊन येणार. बाकीच्यांना त्या पदराआडून कुजबुजत शब्द द्यायच्या, बापूंना नुसत्या ओठांनी. जगाच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं, म्हणजे धारेचा आवाज होत नसे. पायात चप्पल नसायची.

त्यांच्या हातात जग असल्यामुळे वही धरता येणं शक्य नव्हतं. म्हणून अक्का अख्खं नाटक पाठ करायच्या. सगळ्यांची कामं. तालमीच्या वेळी त्या कोपऱ्यात लसूण सोलत बसायच्या, वर बघायच्याही नाहीत. त्यांना वाचता येत होतं, पण वहीला त्यांनी कधी हात लावला नाही. "कागदावरचं ध्यानात ऱ्हात न्हाई. मानसाच्या तोंडचं ऱ्हातंय," असं त्या म्हणायच्या. एकदा माने सरांनी स्वतः लिहिलेलं वाक्य स्वतःच वाचून दाखवलं, तेव्हा लसणीच्या ढिगाआडून आवाज आला, "सर, काल 'परंतु' होतं. आज 'पण' म्हनालासा." सरांनी वही बघितली. वहीत 'परंतु' होतं.

वाढण्याचेही त्यांचे नियम होते आणि ते नाटकाच्या अंगानं ठरलेले होते. पहिल्या अंकात फक्त पांढरा रस्सा, वाटीतून प्यायचा, कारण त्याचा आवाज होत नाही. मटणाचं ताट मध्यंतरात. रडायच्या प्रवेशाच्या आधी ताटात नळी पडता कामा नये, कारण नळी चोखण्याचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत जातो. पापड तर नाटक संपल्यावरच. आमचे आचारी मुनीरभाई पापड तळून दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "अक्का, सोडू काय पापड?" चौथऱ्यावर कुणीतरी शेवटचे आचके देत असायचं. अक्का न वळता म्हणायच्या, "दम धरा. अजून मेला न्हाई त्यो."

शब्द देण्याचाही नियम होता. नट अडल्याबरोबर धावायचं नाही. थोडं थांबायचं. "आनि शब्द एकच द्यायचा. फुडलं त्याचं त्यानं आनायचं. सगळंच तोंडात घातलं तर मानूस गिळायचं इसरतंय."

अशी बरीच वर्षं गेली. खानावळ बंद झाली, बोळातल्या त्या खोल्यांच्या जागी दुकानं आली. मंडळ मात्र चालू राहिलं आणि प्रयोगानंतर मंडळींची पंगत अक्काच वाढायच्या. कुणाला किती भाकरी लागतात, कुणाला तांबडा रस्सा चालत नाही, कुणी भात शेवटी घेतो, हे त्यांना विचारावं लागत नसे. मी ज्या हंगामाबद्दल सांगतो आहे, त्याच्या पहिल्या पंगतीला अक्का भाकऱ्यांची चळत घेऊन बापूंसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "किती देऊ रं?"

बापूंनी मान वर केली. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी ऐकला नव्हता, त्यांनीही ऐकला नसावा.

"तीन, अक्का," बापू म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी दोनच खाल्ल्या. तिसरी ताटात राहिली.

दुसऱ्या नाटकाच्या तालमीत अक्का दोनदा चुकल्या. एकदा एका पात्राचं वाक्य दुसऱ्याला दिलं. एकदा लसूण सोलता सोलता विचारलं, "ह्यो गडी कोन?" तो गडी म्हणजे नाटकातला जावई होता आणि गेल्या पाच हंगामांतला आमचा नट. तो हसला. अक्काही हसल्या. माने सर हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

तिसरं नाटक कोर्टाचं होतं. बापू वकील. दुसऱ्या अंकात ते साक्षीदार बाईला एक पत्र दाखवतात आणि विचारतात, "हे पत्र कुणाच्या हातचं आहे?" त्या रविवारी हॉल भरलेला होता. बापूंनी पत्र काढलं, वर धरलं आणि अडले. हात कानाच्या पाळीला गेला. अक्का पहिल्या टेबलापाशी आल्या, जग कलता केला, ओठ हलवले. बापूंनी पूर्ण विश्वासानं, भरदार आवाजात वाक्य टाकलं.

"मुलीला आजच्या आज पाठवून द्या."

हे वाक्य आधीच्या नाटकातलं होतं. त्यात बापू सासरे होते. साक्षीदाराचं काम करणाऱ्या बाई त्या नाटकात मुलीच्या आई होत्या. महिनाभर दिलेलं उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप गेलं, "आज कशी पाठवू? अंगात ताप आहे तिच्या."

न्यायाधीशाचं काम करणारा नट टेबलावरच्या हातोडीकडे बघत राहिला. तिसऱ्या टेबलावरून एक जण मोठ्यानं म्हणाला, "ओ, हे गेल्या म्हैन्यातलं हाय की!" त्याच्या शेजारचा म्हणाला, "एका ताटात दोन नाटकं घावल्यात. गप खा की लेका."

बापू दोन पावलं पुढे आले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "हेच," ते म्हणाले. "हेच शब्द त्या दिवशी तुमच्या घरात झाले होते. मुलीच्या अंगात ताप होता हे तुम्ही आत्ता, या कोर्टात, स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत. मग त्या तापात हे पत्र लिहिलं कुणी?"

टाळ्या पडल्या. माने सरांनी दारात माझ्या शेजारी उभं राहून डोळे मिटले होते, ते उघडले. पण मी चौथऱ्याकडे बघत नव्हतो. पहिल्या टेबलापाशी अक्का अजून पाणी ओतत होत्या. पेला भरून वाहत होता, पाणी ताटात, ताटातून भातात. "अक्का, बास," तो पाहुणा म्हणाला, "पवायचं हाय काय मला?"

अक्का आत आल्या, जग ओट्यावर ठेवला. मुनीरभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. त्या बसल्या नाहीत.

"पेपरवाले," त्या मला म्हणाल्या, "कुठलं दिलं मी?"

मी सांगितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सासऱ्याचं." मग फडकं पिळलं, जगाला पुन्हा गुंडाळलं आणि बाहेर गेल्या. त्या अंकात बापू आणखी दोनदा अडले. दोन्ही वेळा शब्द बरोबर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलवर बैठक झाली. अक्कांची मुलगी गारगोटीहून आली होती. ती तिकडे हायस्कूलमध्ये शिकवते. आवाज न चढवता बोलणारी बाई. तिनं सांगितलं की आईला डॉक्टरांना दाखवून झालं आहे आणि हे आता कमी होणार नाही, वाढतच जाणार आहे. शिमग्यानंतर आईला ती कायमची गारगोटीला नेणार होती. "हंगाम पुरा करू दे, एवढंच ती मागते," ती म्हणाली. "मी हो म्हटलंय. पण चार लोकांत तिचं हसं झालेलं मला चालणार नाही. काल जे झालं ते तुम्ही सावरलंत. तसं पुन्हा एकदा जरी झालं तरी त्याच पावली मी तिला घेऊन जाईन."

माने सरांनी पर्याय मांडले. बापूंच्या कानात बारीक यंत्र बसवायचं आणि आतून फोनवर शब्द द्यायचे. बापू म्हणाले, "सर, ह्या कानात फौंड्रीनं काय शिल्लक ठेवलंय? तुमी आतनं वरडलासा तर ते पयल्यांदा गिऱ्हाइकाला ऐकू जाईल." दुसरा पर्याय, जग दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा. पण अख्खं संगीत नाटक पाठ असलेला माणूस मंडळात दुसरा नव्हता आणि ज्याचे ओठ बापूंना इतके अचूक वाचता येतील असाही दुसरा नव्हता. तिसरा पर्याय सरांनी उच्चारला नाही. तो म्हणजे चौथं नाटक रद्द करणं.

अक्का इतका वेळ लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, खानावळ बंद केली तवा शेवटच्या मानसाचा हात धुऊन झाल्यावर मी चूल इजवली. अर्ध्या पंगतीतनं वाढपी उठत न्हाई."

माने सरांनी वहीत पुढच्या तालमीची वेळ लिहिली.

त्या आठवड्यात बापूंनी मला फोन केला आणि सकाळी सातला शिरोली नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. त्यांच्या हातात चौथ्या नाटकाची प्रत होती. "पत्रकार, माझं पाठांतर घ्यायचं," ते म्हणाले. "रोज. शिफ्टच्या आधी अर्धा तास."

मी विचारलं, आजवर कधी केलं नाही, आता जमेल का?

"जमवायला लागतंय. अक्का काय बी देऊ दे, मी बरोबरच बोलनार. पर हे तिला कळता कामा न्हाई. आपल्यावाचून अडत न्हाई हे कळलं की ती जग ठिवून जाईल. सरास्नी बी सांगायचं न्हाई. त्यांच्या तोंडावर दिसतंय सगळं."

सहा आठवडे आम्ही हे केलं. बापूंना कागदावरून पाठ होत नसे. कामावर साच्याच्या वाळूत ते बोटानं वाक्य लिहायचे, म्हणायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. एकदा फौंड्रीच्या साहेबांनी साच्यात 'महाराज' लिहिलेलं बघितलं आणि विचारलं, हा कुठला पार्ट. बापूंनी सांगितलं, "सँपल हाय." चौथ्या आठवड्यात त्यांनी टपरीवर पहिला अंक सलग म्हणून दाखवला. टपरीवाल्यानं हातातला चहा कुणाचा होता ते विसरून स्वतःच पिऊन टाकला.

तालमीत मात्र बापू पूर्वीसारखेच अडायचे. जिथे पूर्वी अडले असते तिथेच, तितकाच वेळ. कानाच्या पाळीला हात जायचा, अक्का ओठ हलवायच्या. मी प्रत घेऊन बसलेला असायचो, त्यामुळे मला माहीत आहे की अक्कांचे शब्द आधी पाचातले चार बरोबर असायचे, मग तीन. बापू पाचही वाक्यं बरोबर बोलायचे. माने सर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का सुधारताहेत, तुम्हाला वाटतं का?" मी म्हणालो, दिसतंय खरं तसं. व्यवसायात मी खोटी माहिती दिलेली नाही. आयुष्यात दिली ती ही एक.

संगीत नाटकाचे पहिले तीन प्रयोग निभावले. चौथा शेवटचा होता. चौथ्या टेबलावर अक्कांची मुलगी बसली होती. तिच्या पायाशी अक्कांचं सामान भरलेली पिशवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती आणि पिशवी ती खोलीवर ठेवून आली नव्हती.

दुसऱ्या अंकात दरबाराचा प्रवेश आहे. म्हातारा झालेला गवई महाराजांकडे येतो. बापू गवई. त्यांचं मोठं भाषण आणि मग पद. मी दिवे कमी केले. चौथऱ्यावर उजेड, टेबलांवर अंधूक. अक्का माझ्या अंगावरून जग घेऊन बाहेर गेल्या. बापू बोलायला लागले.

अक्का टेबलांच्या मधोमध पोचल्या आणि थांबल्या.

आधी मला वाटलं त्या नेहमीसारख्या थांबल्या आहेत. मग डाव्या बाजूच्या टेबलावरच्या एकानं रिकामा पेला उचलून दाखवला. अक्कांनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्या वळल्या, दाराकडे तोंड केलं, पुन्हा वळल्या. हातातल्या जगाकडे बघितलं. मग चौथऱ्याकडे. परगावच्या स्टँडवर उतरलेला माणूस गाड्यांच्या पाट्यांकडे बघतो तसं त्या राजाकडे आणि गवयाकडे बघत होत्या.

दोन-तीन टेबलांवरची माणसं आता त्यांच्याकडे बघायला लागली. एक जण शेजारच्याच्या कानाला लागला. मुलीनं खुर्ची मागे सारली. खुर्चीचा पाय फरशीवर वाजला.

"आत घ्या," माने सर कुजबुजले. "कुणीतरी जाऊन आत घ्या त्यांना." मुनीरभाईंनी हात फडक्याला पुसला आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. आता कुणीतरी जाणार, त्यांचा दंड धरणार आणि साठ-सत्तर माणसांसमोरून त्यांना घेऊन येणार, हे स्पष्ट होतं. मुलगी उठून उभी राहिली होती.

"महाराज," बापू म्हणत होते, "मी मागायला आलो नाही. मी..."

आणि ते थांबले.

या जागी ते कधीही थांबले नव्हते. तालमीत नाही, तिन्ही प्रयोगांत नाही. टपरीवर हे भाषण त्यांनी मला न अडखळता वीस वेळा तरी म्हणून दाखवलं होतं. "गेलं," माने सर म्हणाले. "आता हेही गेलं."

बापूंचा हात उजव्या कानाच्या पाळीला गेला.

मुनीरभाई जागच्या जागी उभे राहिले. हॉलमध्ये चमच्याचाही आवाज नव्हता. बापू हात तसाच ठेवून उभे होते. त्यांची नजर समोर नव्हती, अक्कांवर होती. मी मनात आकडे मोजत होतो, ही कामाची सवय. पाचाला काही झालं नाही. सातालाही नाही. नवाला अक्कांची मान हलली.

मग पावलं उचलली. त्या सरळ पहिल्या टेबलापाशी गेल्या, जग कलता केला, पाहुण्याच्या पेल्यात धार लागली. बापू चौथऱ्याच्या पुढच्या कडेला होते, त्यामुळे त्यांच्याकडे बघताना अक्कांची पाठ माझ्याकडे होती. मान वर झाली एवढं दिसलं. बापूंनी ओठांकडे बघितलं, मान किंचित खाली-वर केली आणि हात खाली घेतला.

"मी तुमचं होतं ते परत करायला आलो आहे," ते म्हणाले, आणि पेटीनं सूर धरला.

पेला भरला तेव्हा अक्कांनी जग सरळ केला. एक थेंब बाहेर पडला नाही. मग त्या डाव्या बाजूच्या टेबलाकडे गेल्या आणि मघाच्या माणसाचा रिकामा पेला भरला. मुलगी खाली बसली. पद संपलं तेव्हा लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

त्यानंतरच्या पंगतीत अक्कांनी बापूंच्या ताटात भाकरीच्या आधी भात वाढला. बापूंनी तो भाकरीच्या आधी खाल्ला. अक्का त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"आजबी अडलास," त्या म्हणाल्या. "भरल्या दरबारात. लाज न्हाई वाटत? माझ्या माघारी कसं हुनार रं तुझं?"

"अवघड हाय अक्का," बापू म्हणाले.

शेवटच्या माणसाचा हात धुऊन होईपर्यंत अक्का थांबल्या. मग जगाचं फडकं सोडलं, पिळलं, दोरीवर वाळत घातलं. जग पालथा घातला. मुलीनं पिशवी उचलली. मुनीरभाईंनी पापडाचा डबा दिला, तो अक्कांनी काखेत धरला. दारात त्यांनी विचारलं, "फुडलं नाटक कुठलं, सर?" माने सर म्हणाले, "कळवतो."

अक्का त्यानंतर दोन वर्षं गारगोटीत होत्या. बापू महिन्यातून एकदा जायचे. मी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला ओळखलं नाही, पण जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्या गेल्याचं मुलीनं सकाळी कळवलं, तेव्हा बापू शिफ्टवर होते. मी फौंड्रीच्या फाटकावर गेलो. बोलून ऐकू गेलं नसतं. मी नुसते ओठ हलवले.

मंडळ चालू आहे. टेबलांवर आता पाण्याच्या सीलबंद बाटल्या असतात. नव्या नटांना आपापली कामं पाठ असतात, बापूंनाही असतात. तरी प्रत्येक नाटकात एकदा, मोठ्या भाषणाच्या किंवा पदाच्या आधी, ते थांबतात आणि उजव्या कानाच्या पाळीला हात लावतात.

गेल्या हंगामात आमच्या पेपरात एका नव्या नाट्यपरीक्षकानं मंडळाच्या एका प्रयोगावर लिहिलं. मजकूर माझ्या टेबलावर आला. त्यात एक वाक्य होतं, की हे ज्येष्ठ नट पद सुरू करण्यापूर्वी कानाच्या पाळीला हात लावून आपल्या गुरूचं स्मरण करतात. छापण्यापूर्वी माहिती तपासायची असते. ओठ दिसावेत म्हणून मी बापूंना व्हिडिओ कॉल केला आणि वाक्य वाचून दाखवलं. मग इतके दिवस न विचारलेलं मी विचारलं. त्या शेवटच्या प्रयोगात अक्कांनी कुठला शब्द दिला होता? बरोबर होता का?

"तुमाला दिसलं न्हाई व्हय?" बापू म्हणाले. "तुमी तर दारातच हुतासा."

मी म्हणालो, त्यांची पाठ होती माझ्याकडे.

फोनवर फौंड्रीचा आवाज येत होता. बापू तो आवाज तोडून, मला नीट ऐकू जावं म्हणून एकेक अक्षर सुटं करत बोलले.

"'भात?' म्हनाली. मी व्हय म्हटलं."

मी फोन ठेवला. त्या वाक्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. मजकूर तसाच पुढे पाठवला.